हळद, बायोफिल्म आणि हरवलेली चमक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘अमुक अर्काने जिवाणूंचे कवच फोडले, प्रतिजैविकांना न जुमानणारे जंतू आता मरणार’ अशा बातम्या अधूनमधून छापून येतात. त्यात हळद हमखास असते. त्यामागचे प्रयोग कसे होतात आणि कुठे फसतात, ते लिहितो.

पाण्याच्या टाकीत आतून बुळबुळीत थर धरतो, तसाच कॅथेटरच्या नळीतही धरतो. तो बायोफिल्म, म्हणजेच बातमीतले ‘कवच’. ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूच्या अशा थरात ‘कर्ली’ नावाचे प्रथिनाचे धागे असतात. सीएसजीए हे प्रथिन पेशीबाहेर पडून एकाला एक चिकटत जाते. हे धागे अमायलॉइड जातीचे, म्हणजे प्रथिने एकमेकांवर घट्ट रचून झालेले, म्हणून भलते चिवट. जेलवर चालवण्याआधी (प्रथिने आकारानुसार वेगळी करून पाहण्याआधी) ते सुमारे ९० टक्के फॉर्मिक आम्लात सोडवावे लागतात. नुसते एसडीएस या साबणासारख्या रसायनात उकळले तर प्रथिन जेलच्या वरच्या खाचेतच अडकते आणि ‘कर्ली नाहीच’ असे वाटते.

धागे मोजायला थायोफ्लेविन-टी हा रंग वापरतात; तो अशा धाग्यांना चिकटला की चमकतो. ४४० नॅनोमीटरचा प्रकाश टाकायचा आणि ४८५च्या आसपास चमक मोजायची. गोची इथेच आहे. हळदीतले कर्क्युमिन ४२५च्या आसपास भरपूर प्रकाश शोषते, शिवाय स्वतःही चमकते. धागे जसेच्या तसे असले तरी आकडा घसरतो. म्हणून तयार धाग्यांत शेवटी कर्क्युमिन घालून लगेच मोजलेली एक नळी हवीच. तिच्यातही चमक तेवढीच पडली, तर कर्क्युमिनने आपला आकडा झाकला, धागे मोडले नाहीत. मग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला पर्याय नाही.

एकूण थर मोजणारी क्रिस्टल व्हायोलेट या जांभळ्या रंगाची चाचणी स्वस्त, म्हणून सगळीकडे चालते: ०.१ टक्का रंग, १०-१५ मिनिटे, धुवायचे, ३० टक्के अॅसेटिक आम्लात रंग सोडवायचा आणि ५५० नॅनोमीटरला मोजायचा. पण हा रंग मेलेल्या-जिवंत दोन्ही पेशींना लागतो. अर्काने वाढच मंदावली असेल, तरी थर ‘कमी’ दिसतो. तरंगत्या पेशींची घनता आणि थर खरवडून काढलेल्या जिवंत पेशींची संख्या सोबत नसेल, तर त्या आलेखाला अर्थ नाही. आणखी एक: प्रयोगशाळेतले बहुतेक ई. कोलाय ३७ अंशांना कर्ली जवळजवळ बनवतच नाहीत. २६ अंश आणि मीठ नसलेले वाढीचे माध्यम लागते.

शब्दाचाही घोळ आहे. थरातल्या सुस्त पेशी औषधाने मरत नाहीत, पण त्याच पेशी मोकळ्या करून पुन्हा वाढवल्या की नेहमीच्या मात्रेला मरतात. ही सहनशीलता, प्रतिरोध नव्हे. याउलट एनडीएमचे (प्रतिजैविक तोडणाऱ्या विकराचे) जनुक असलेल्या जंतूचा थर फोडला तरी तो औषध तोडतच राहतो. दुसरीकडे, रुग्णाच्या अहवालात ‘सेन्सिटिव्ह’ (औषध लागू पडते) लिहिलेले असते ते तरंगत्या पेशींवरून, मिलिलिटरला सुमारे ५ लाख पेशी घेऊन. नळीवर थर धरला असेल तर त्या शब्दावर विसंबून नळी तशीच ठेवू नये. शक्य तिथे ती बदलावीच लागते.

आपला,
सूक्ष्मजीवशास्त्राचा एक अध्यापक