मॅडम, तुम्ही विचारलंत, "नंतर काय झालं त्याचं?"

आदरणीय मॅडम,

स. न. वि. वि.

तुमचं नाव कुठं लिहायचं नाही, असं तुम्ही बजावलंय, म्हणून लिहीत नाही. आमच्या धाकट्या पैलवान भावावर उपचार करताना कर्ट अँगल या अमेरिकन पैलवानाबद्दल तुम्ही एक प्रश्न विचारलात, त्याबद्दलच हे पत्र, आणि ते मात्र चारचौघांसमोर लिहितेय. आमच्या धाकट्याला ज्यांनी वाऱ्यावर सोडलं, त्यांच्यातल्या कुणाच्या नजरेला हे पडलं तर पडू दे. त्यांनी वाचावंच, असं मला मनापासून वाटतं.

धाकट्याची मान सरावात दुखावली, तेव्हा गावोगावच्या जत्रांचा हंगाम तोंडावर आला होता. जोड ठरली होती, पोस्टर छापून झालं होतं. "फोटो छापलाय पैलवान, आता माघार घेऊन आमची शोभा करू नका," असं आयोजक म्हणाले. कुणीतरी कुणालातरी बोलावून मानेत इंजेक्शन दिलं आणि पोरगं मैदानात उतरलं. कुस्ती मारली. हलगी वाजली, फेटा बांधला, खांद्यावर घेऊन फिरवलं. रात्री जेवताना त्याला उजव्या हातानं भाकरी मोडता येईना. त्यानंतर ज्यांच्या मैदानात तो लढला त्यांचे फोन लागेनासे झाले. ज्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या बॅनरवर आमच्या पोराचा लंगोटातला फोटो होता, त्यांच्या माणसानं "साहेब बाहेरगावी आहेत" एवढंच सांगितलं. पुढंही साहेब बाहेरगावीच राहिले.

शहरातल्या एका मोठ्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी एमआरआयची फिल्म उजेडाला धरली, कागदावर दुखणं दाबायच्या गोळ्या लिहिल्या आणि धाकट्याकडं न बघता म्हणाले, "कुस्ती सोडा." बाराव्या वर्षापासून तालमीत झोपणाऱ्या पोराला दोन शब्दांत निकाल दिला. गोळ्या किती दिवस घ्यायच्या, कधी थांबवायच्या, ते नाही सांगितलं. पुढं त्या गोळ्या चिठ्ठीशिवाय मिळायला लागल्या. कुठं मिळतात हे सांगणारे मित्रही मिळाले. मॅडम, त्या काळातलं घर मला आठवायचं नाही. बदामाची थंडाई घोटणारी आमची आई त्याच्या पिशवीतल्या रिकाम्या स्ट्रिपा मोजत बसायची.

आता कर्ट अँगलबद्दल लिहिते, कारण त्याच्यामुळंच तुम्ही आमच्या पोरापर्यंत पोचलात.

आमच्या घरात टीव्हीवरच्या कुस्तीला मान नाही. वडील लाल मातीतले. डब्ल्यूडब्ल्यूई लागलं की म्हणायचे, "नुरा कुस्ती हाय सगळी, बंद कर." निकाल आधी ठरलेला असतो हे धाकट्यालाही ठाऊक होतं. पण त्यानं एकदा वडिलांना अँगलच्या जुन्या, मॅटवरच्या कुस्त्या दाखवल्या. क्लॅरियन विद्यापीठाकडून तो हेवीवेटमध्ये १९९० आणि १९९२ ला अमेरिकेतला कॉलेज चॅम्पियन झाला, १९९५ ला जगज्जेता. वडिलांनी त्याचं पट काढणं, म्हणजे पाय धरून पाडणं, पाहिलं, खाली वाकून पुढं सरकणं पाहिलं आणि म्हणाले, "हा खरा पैलवान हाय." त्यानंतर अँगलपुरती घरात बंदी उठली. २००१ मध्ये तो दुधाचा टँकर घेऊन रिंगणापाशी आला आणि समोरच्यांवर पाइपनं दूध उडवलं, तो भाग बघताना वडील डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले होते. पैलवान आणि दूध, त्यांना ते आपल्यातलंच वाटलं.

धाकट्याच्या मनात मात्र १९९६ चं अटलांटा ऑलिंपिक बसलं होतं. ते वर्ष अँगलवर कसं आलं, हे कुस्तीवाल्यांनी मुद्दाम वाचावं. तो ज्या फॉक्सकॅचर क्लबात सराव करायचा, तिथं डेव्ह शुल्झ हा १९८४ चा ऑलिंपिक विजेता त्याला घडवत होता. जानेवारी १९९६ मध्ये शुल्झला गोळ्या घालून मारलं, आणि मारणारा त्या क्लबला पैसा पुरवणारा गर्भश्रीमंत मालकच होता. पैलवानाला आपल्या दाराशी बांधून ठेवणारे धनी तिकडंही आहेत, हे वाचून माझ्या अंगावर काटा आला होता. त्यानंतर काही महिन्यांतच अँगलच्या मानेचे मणके मोडले. मान बधिर करणारी इंजेक्शनं टोचून घेऊन निवड चाचणीत उतरलो, असं त्यानं पुढं स्वतःच सांगितलं. १०० किलो गटाच्या अंतिम फेरीत समोर इराणचा अब्बास जादिदी. वाढीव वेळ संपली तरी १-१ अशी बरोबरी. पंच दोघांचे हात धरून मधे उभा, आणि वर जातो तो अँगलचा हात. अँगल गुडघ्यांवर कोसळून रडतो.

हीच चित्रफीत आमच्या पोराला प्रत्येकानं दाखवली. कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली, कुणी गाणं लावून रील केली. "बघ, मान मोडली तरी सोनं काढलं. तुझं काय एवढं?" इंजेक्शन द्यायला माणूस बोलावणाऱ्यानंही हेच सांगितलं होतं. दुखणं दाबून लढतो तो मर्द, आणि थांबतो तो भित्रा, असा त्या रीलचा अर्थ. दुसऱ्याच्या मानेवर बसून मर्दानगी शिकवणं फार सोपं असतं.

तुमच्या दवाखान्यात पहिल्यांदा आलो, तेव्हा धाकटा तुमच्याशी बोलायलाच तयार नव्हता. तुम्हीही त्याला कुस्ती सोडतोस का, असं विचारलं नाहीत. व्यायाम दाखवलेत, हाताची ताकद बघितलीत, आणि बोलता बोलता विचारलंत की, तुझा आवडता पैलवान कोण. त्यानं फोन काढला. मला वाटलं, तुम्ही दोन क्षण बघाल आणि "छान" म्हणाल. बाहेर बाकावर माणसं खोळंबली होती, मदतनीस मुलगी दोनदा दारात येऊन गेली. तिला तुम्ही हातानंच थांब म्हणालात आणि अख्खी कुस्ती पाहिलीत. मधे त्याला विचारलंत, हा आता याची मान का दाबतोय? तो सांगायला लागला. कितीतरी महिन्यांनी मी त्याला कुस्तीवर बोलताना ऐकत होते.

हात वर गेला, अँगल रडला, चित्रफीत संपली. इथं सगळे थांबतात. तुम्ही त्याचा फोन टेबलावर पालथा ठेवलात आणि म्हणालात, "नंतर काय झालं त्याचं?"

एवढंच. त्यात उपदेश नव्हता, तुम्हाला खरंच जाणून घ्यायचं होतं. आणि मॅडम, आमच्या पोराला ते सगळं पाठ होतं. पण त्याला ते कुणी कधी विचारलंच नव्हतं.

तो सांगत गेला. सुरुवातीला तोऱ्यात. १९९९ च्या नोव्हेंबरात अँगल डब्ल्यूडब्ल्यूएफच्या, म्हणजे आताच्या डब्ल्यूडब्ल्यूईच्या, मोठ्या कार्यक्रमात उतरला. गळ्यात पदकं घालून यायचा, लोक त्याची टर उडवायचे, आणि तरी वर्षभराच्या आत, ऑक्टोबर २००० मध्ये, द रॉकला हरवून मुख्य पट्टा घेतला. २००३ च्या रेसलमेनियात, म्हणजे त्या कंपनीच्या वर्षातल्या सर्वांत मोठ्या कार्यक्रमात, ब्रॉक लेस्नरशी लढत, तोही कॉलेज चॅम्पियन, दोघं अस्सल मॅटवरचे. इथं त्याचा आवाज जरा खाली आला. कारण त्या लढतीच्या वेळी अँगलची मान पुन्हा गेलेली होती. नंतर शस्त्रक्रिया झाली, आणि काही महिन्यांतच तो परत रिंगणात. निकाल ठरलेला असला तरी आपटणं खरंच असतं, हे धाकट्यानं तुम्हाला सांगितलं. मान पुन्हा दुखावली. गोळ्या वाढल्या. दिवसाला साठाहून जास्त गोळ्या खायचो, हे अँगलनं स्वतःच्या तोंडानं जगाला सांगितलंय. २००६ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूई सुटली, दुसऱ्या कंपनीत लढत राहिला, आणि व्यसनमुक्ती केंद्रात दाखल व्हायला २०१३ उजाडलं.

साठ हा आकडा सांगताना धाकटा अडखळला. मग त्यानं पिशवीच्या बाजूच्या कप्प्यातून स्ट्रिपा काढल्या आणि तुमच्या टेबलावर ठेवल्या. आई, वडील, मी, सगळ्यांनी हात जोडले होते तेव्हा जे झालं नव्हतं, ते असं झालं. तुम्ही त्या उचलून कचऱ्यात टाकल्या नाहीत, कपाळाला आठी घातली नाहीत. "या एकदम तोडायच्या नसतात, आपण नीट कमी करू," असं म्हणालात, ज्यांच्याकडं पाठवायचं त्या डॉक्टरांना त्याच्यासमोरच फोन लावलात, आणि फोनवर "माझ्याकडं एक पैलवान आलाय" असं म्हणालात. पेशंट नाही म्हणालात. त्याचे कान ते ऐकत होते, मॅडम.

पुढचं सगळं मी इथं मांडत नाही. दिवस वाईट गेले, रात्री त्याहून. तुम्हाला ठाऊक आहे.

मला हेच सांगायचंय की, मोठं औषध, मोठं यंत्र, मोठी ओळख यातलं काहीच आमच्या कामी आलं नाही. एका माणसानं दुसऱ्याचं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, ते कामी आलं. आमच्या कोल्हापूरच्या कुस्तीत अशी माणसं पूर्वीपासून आहेत. खाशाबा जाधवांना १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पदक आलं नसतं तरी खर्डेकरांनी केलं ते तेवढंच मोलाचं ठरलं असतं, असं मला वाटतं. पोराला दारातून परत न पाठवणं, हेच मुळात केवढं मोठं आहे. खासबाग मैदानात हजारो माणसं टाळ्या पिटायला जमतात, जमावंच, तो आमचा अभिमान आहे. पण टाळ्या थांबल्यावर पैलवानाला घरी कोण नेतं? त्याच्या मानेचं, गुडघ्याचं, पोटापाण्याचं कोण बघतं? जत्रेच्या पोस्टरवर वीस-वीस नावं असतात, "यांच्या सौजन्याने", "यांच्या मार्गदर्शनाखाली". त्यातल्या एकानं तरी डॉक्टरचं बिल विचारावं, लढतीआधी पैलवानाला तपासून घ्यावं. एवढी माणुसकी महाग नाही.

आणि अँगलचेही आभार मानायला हवेत. सोन्याचं पदक जिंकलेला, २०१७ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे नामवंतांच्या मानाच्या यादीत, गेलेला माणूस, झाकून ठेवू शकला असता. त्यानं आपली पडझड उघड सांगितली, म्हणून अटलांटापासून हजारो मैलांवरच्या एका पोराला स्वतःची गोष्ट सांगायला तोंड फुटलं. २०१९ च्या रेसलमेनियात तो शेवटची लढत हरून निवृत्त झाला. पूर्वी धाकटा ती लढत बघायचाच नाही, चिडायचा. परवा वडिलांना घेऊन त्यानं ती पूर्ण पाहिली. वडील म्हणाले, "चालत घरी गेला न्हवं? मग जिंकला." हे तुमच्या कानावर घालायचंच होतं.

सध्याचं सांगते. गोळ्या बंद आहेत. उजव्या हातात ताकद येतेय, भाकरी मोडतो, सायकलही चालवतो. वस्तादांनी त्याला पहाटे लहान पोरांचे जोर-बैठका बघायला बसवलंय. मानेचा पूल कुणी चुकीचा केला तर हा असा ओरडतो की, पोरं दचकतात. एका पोराची मान लचकली, तर त्याला सरावातून काढून स्वतः दवाखान्यात घेऊन गेला. त्याच्या बापाला फोन करून म्हणाला, "आठ दिवस तालमीत पाठवू नका, मी वस्तादांशी बोलतो."

मैदानात परत उतरायचं की नाही, हे त्याच्या मनात अजून घोळतंय. कधी उतरीन म्हणतो, कधी वस्ताद होईन म्हणतो. आम्ही घरच्यांनी ठरवलंय की, त्याला कुणी घाई करायची नाही, आणि बाहेरच्या कुणाला करू द्यायची नाही. यंदाही एका मैदानाचे लोक जोड ठरवायला दारात आले होते. आई उंबऱ्यात उभी राहिली आणि म्हणाली, "त्याच्या मॅडमना विचारून या."

पुढच्या तपासणीला आई स्वतः येणार आहे. डिंकाचे लाडू करतेय. तुम्ही फी वाढवत नाही, भेट घेत नाही, हे मी तिला सांगून पाहिलं. ती ऐकणार नाही, तेव्हा डबा तेवढा घ्या.

आपली नम्र,
एका पैलवानाची थोरली बहीण