शेवटच्या चहाला गर्दी करण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एखादे जुने इराणी हॉटेल बंद होणार अशी बातमी आली की आपल्याकडे ठरलेला कार्यक्रम होतो. शेवटच्या दिवशी ब्रुन-मस्क्यासाठी रांग लागते, संगमरवरी टेबलाशी बसून फोटो काढले जातात, वर्तमानपत्रांत हळवे लेख येतात (आपल्याही, राग नसावा). मग तिथे मोबाइलचे दुकान येते आणि सगळे विसरतात. म्हणून लंडनमधल्या एका पबची हकीकत कळवावीशी वाटली. आमच्या घरात तुळशीची माळ आहे, तेव्हा दारूची भलामण चालली आहे असा समज कृपया करून घेऊ नये.

किलबर्नजवळचा ‘कार्लटन टॅव्हर्न’ हा पब १९२०-२१ साली बांधलेला. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बवर्षावातून तो वाचला. आपल्याकडे पब म्हटले की कानठळ्या बसवणारे संगीत आणि पोलिसांची धाड एवढेच आठवते. तिकडचा वस्तीतला पब निराळा. तिथे म्हातारी माणसे अर्धा पेला पुढ्यात घेऊन तासन्‌तास बसतात, फुटबॉलच्या सामन्याला आरडाओरडा होतो, आणि अंत्यविधी उरकून आलेली मंडळीही तिथेच टेकतात.

या जागी फ्लॅट बांधायचा मालकाचा अर्ज वेस्टमिन्स्टर पालिकेने फेटाळला. पुढे एप्रिल २०१५ मध्ये, वारसायादीत नोंद होण्याच्या ऐन तोंडावर, बिनपरवाना बुलडोझर फिरला. चालवणाऱ्यांना सामानाची मोजदाद करायची आहे असे सांगून पब बंद ठेवायला लावले होते!

पण रहिवाशांना आधीच संशय आला होता. ‘हिस्टॉरिक इंग्लंड’ या सरकारी वारसा संस्थेकडे त्यांनी अर्ज केलेला होता, त्यामुळे इमारतीचे तपशीलवार फोटो आणि टाइल्सचे प्लास्टरचे साचेही तयार होते. ‘जसा होता तसाच बांधून द्या,’ असा आदेश पालिकेने काढला. मालक अपिलात गेला आणि २०१६ मध्ये हरला. एप्रिल २०२१ मध्ये पब पुन्हा उघडला. नुसता मोर्चा काढून हे झाले नसते. कागद तयार होता म्हणून ‘आता मूळचे कसे होते कोण सांगणार’ ही पळवाट मालकाला उरली नाही.

दरवेळी असे साधत नाही. कोळशाच्या खाणींमुळे जमीन खचून तिरपा झालेला, गल्ल्यावरचे नाणे चढाकडे घरंगळते असा भास होणारा स्टॅफर्डशरमधला ‘क्रुकेड हाउस’ ऑगस्ट २०२३ मध्ये आधी जळाला आणि दोनच दिवसांत पाडला गेला. तोही वारसायादीत नव्हता.

इंग्लंडमध्ये २०११ च्या कायद्याने आणखी एक सोय आहे. वस्तीला उपयोगाची जागा म्हणून पालिकेकडे नोंद झालेली असेल, तर ती विकायला निघताच स्थानिकांना पैसे जमवायला सहा महिन्यांपर्यंत मुदत मिळू शकते. दक्षिण लंडनमधला ‘आयव्ही हाउस’ पब २०१३ मध्ये असाच रहिवाशांच्या सहकारी संस्थेने घेतला, ३७१ भागधारक मिळून. सहकार आपल्याला कोणी शिकवायला नको, पण साखर कारखाना आणि पतपेढी यांपलीकडे तो आपल्याला सुचत नाही.

मुंबईत १९९५ पासून वारसा नियमावली आहे, देशातली पहिली. पण ती दगडविटांची काळजी घेते. आत चहा मिळतो की सिमकार्ड, याच्याशी तिला कर्तव्य नाही. शिवाय बरीच जुनी हॉटेले पागडीच्या चाळींच्या तळमजल्यावर आहेत. चाळ पुनर्विकासाला गेली की सगळेच गेले. भागीदारांची भांडणे असतात, मुलांना गल्ल्यावर बसायचे नसते, त्याला कुठलाच कायदा पुरा पडणार नाही हेही मान्य.

तरी दोन गोष्टी होण्यासारख्या आहेत. पालिकेने अशा जागांची प्रभागवार नोंद करून, विक्री वा पुनर्विकासाआधी चालकाला आणि रहिवाशांना ठरावीक मुदत द्यावी. आणि वास्तुकला महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांकडून या हॉटेलांची मोजमापे, नकाशे, फोटो आत्ताच, ती चालू असताना करून घ्यावीत. याला फारसा खर्चही नाही.

आपण वाचकांकडून अशा ठिकाणांची यादी मागवावी. गिरगाव-ठाकूरद्वार परिसरातली मी कळवतो.

आपला,
एक वाचक, गिरगाव, मुंबई