कानाकडे नेलेलं बोट

प्रिय राजा,

रात्रीचे साडेअकरा झालेत. तू, ताई आणि बाबा तिघंही गाढ झोपलात. तुझ्या केसांत अजून मीठ आहे आणि पायांची वाळू चादरभर झाली आहे. मला मात्र झोप येईना. बोटीतून परत येताना तू विचारलंस, "माझ्यामुळे सगळ्यांचा डाइव्ह फुकट गेला ना?" इंजिनाच्या आवाजात मी "तसं काही नाही रे" एवढंच म्हणाले. ते काही उत्तर झालं नाही, म्हणून हे लिहायला बसले.

तुझ्या मनाला लागलंय ते खोलीचं. जेमतेम तीन मीटर खाली गेलो होतो, वर बघितलं तर बोटीचा तळ दिसत होता, आणि तेवढ्यात तुझा कान दुखायला लागला. एवढ्याशा पाण्यात कुणाला त्रास होतो का, असं तुला वाटतंय. अरे, कानाला सगळ्यात जड जातं ते तिथेच. किनाऱ्यावर उभं असताना आपल्यावर हवेचा जेवढा दाब असतो, तेवढा आणखी दाब पाण्याच्या पहिल्या 10 मीटरमध्येच वाढतो. म्हणजे 10 मीटरवर दाब दुप्पट. पुढे दुपटीचा पुन्हा दुप्पट व्हायला थेट 30 मीटर गाठावे लागतात. त्यामुळे कानाच्या पडद्यामागची हवा सुरुवातीलाच झपाट्याने आकसते आणि पडदा आत ओढला जातो. नाक दाबून हळूच फुंकलं की घशाकडून कानाकडे जाणाऱ्या बारीक नळीतून हवा आत शिरते आणि पडदा जागेवर येतो. एकदा दुखायला लागलं की ती नळी सहजी उघडत नाही. तेव्हा दात-ओठ खाऊन खाली जात राहिलं तर पडद्याला इजा होते. थोडं वर यायचं आणि पुन्हा फुंकून बघायचं, एवढंच करता येतं. प्रशिक्षकांनी तुला तेच करायला लावलं.

आता मी काय पाहिलं ते सांगते. मी तुझ्या शेजारीच होते. तू पंजा आडवा धरून डावीउजवीकडे हलवलास आणि मग बोट कानाकडे नेलंस. सकाळी शिकवलेली खूण, अगदी तशीच. राजा, दुखलंखुपलं सांगणारा मुलगा नाहीस तू. गेल्या पावसाळ्यात सायकलवरून पडलास, तेव्हा सुजलेलं मनगट दोन दिवस लांब बाहीखाली झाकून फिरलास. डाव्या हाताने दप्तर उचलताना दिसलास, तेव्हा मला कळलं. त्याच मुलाने आज दुखायला लागल्याबरोबर सांगितलं.

मी इतकी घाबरले की क्षणभर श्वासच रोखून धरला. पाण्यात श्वास रोखायचा नाही, नेमका हाच नियम सगळ्यात मोठा आहे, कारण वर येताना फुप्फुसातली हवा फुगते आणि तिला बाहेर पडायला वाट लागते. प्रशिक्षकांनी माझ्या खांद्यावर थाप मारून श्वास सोडायला लावला. तोंडात श्वासाची हवा देणारा रेग्युलेटर, त्यामुळे काय झालं, कुठे दुखतंय, खूप दुखतंय का, यातलं काहीच मला विचारता येईना. घरी हे प्रश्न मी एकामागून एक विचारते आणि तू "काही नाही" म्हणून खोलीचं दार लावून घेतोस. आज मी नुसती तुझा हात धरून तरंगत राहिले. तू मीटरभर वर आलास. नाक धरलंस, सोडलंस, पुन्हा धरलंस. तिसऱ्यांदा मास्कमागे तुझे डोळे मोठे झाले आणि तू अंगठ्याला तर्जनी टेकवून गोल करून दाखवलास. ते डोळे मी विसरणार नाही.

फुकट काय गेलं? दहा मिनिटं. ताई आणि बाबा दुसऱ्या प्रशिक्षकाबरोबर खाली वाळूवर गुडघे टेकून होते. ताई म्हणते, ती थांबली म्हणून तिला समुद्रफुलातले क्लाउनफिश मनसोक्त बघता आले. त्यांच्यातली सगळ्यात मोठी ती मादी, आणि ती मेली की तिचा जोडीदार नर स्वतःच मादी होतो, हे तिने रात्री बाबांना तीनदा समजावून सांगितलं.

आणि त्यानंतरचं सगळं तर आपण चौघांनी मिळूनच पाहिलं. आठ मीटरवर तुझ्या मनगटाचा लाल पट्टा मातकट दिसत होता, कारण पाणी लाल रंग सगळ्यात आधी शोषून घेतं. प्रशिक्षकांनी टॉर्च लावल्यावर तो लालभडक झाला. तू किती वेळ हात उजेडात नेत होतास आणि मागे घेत होतास! मग ती कुरकुर. पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून जास्त वेगाने पळतो, तो कुठून येतोय हे कानांना कळतच नाही. चौघं चार दिशांना बघत होतो. पोपटमासा तुलाच आधी दिसला, चोचीने पोवळ्याचा खडक खरवडणारा. त्याच्या पोटातून त्या खडकाची बारीक वाळू होऊन बाहेर पडते. संध्याकाळी तुम्ही दोघांनी बाबांना गळ्यापर्यंत पुरलंत, त्या पांढऱ्या वाळूत अशा माशांचा मोठा वाटा असतो. बाबा इतके हसत होते की छातीवरची वाळू सारखी तडकत होती आणि तू ती पुन्हा पुन्हा थापत होतास.

उद्या परत पाण्यात जायचं ठरलंय. सकाळी उठल्यावर कान दडल्यासारखा वाटला किंवा ठणकला, तर आपण डाइव्हला जायचं नाही, किनाऱ्यावर थांबायचं. मला उठव. मी काही विचारणार नाही. नुसतं बोट कानाकडे ने.

तुझी,
आई