टेप परत वाचून पाहा

महोदय,

म्हापशातील एका छोट्या कार्यालयाचा हिशेब आणि सर्व्हर मी सांभाळते. रोज संध्याकाळी एलटीओ-५ टेपवर (संगणकातील माहितीची प्रत ठेवायच्या चुंबकीय फितीवर) बॅकअप, लेबल, कपाट. गेल्या आषाढात सर्व्हरची डिस्क गेली आणि शुक्रवारची टेप वाचलीच जाईना. कपाट खिडकीखाली, आमच्या पावसात तिथे कागदांनाही बुरशी धरते. गुरुवारच्या टेपने तारले, पण शुक्रवारच्या पावत्या हाताने पुन्हा भरल्या. आता आठवड्याची एक टेप पणजीच्या शाखेत जाते आणि दरमहा एक टेप मी प्रत्यक्ष रिस्टोअर करून, म्हणजे तिच्यावरची माहिती परत उतरवून बघते. आणखी एक: नंतरच्या पिढीच्या एलटीओ-८ ड्राइव्हला (टेप वाचणाऱ्या यंत्राला) एलटीओ-५ टेपा वाचता येत नाहीत. नवे यंत्र आले म्हणून जुना ड्राइव्ह कृपया भंगारात देऊ नका.

– एक हिशेबनीस, म्हापसा