केळवणाच्या वड्या

प्रिय सुधा,

सप्रेम नमस्कार.

केळवणाला ३० माणसं, जेवणाआधी उभ्याउभ्या खाता येईल असं काहीतरी हवं, आणि गॅसपाशी तू एकटी. समोसे-कटलेटच्या नादी लागूच नकोस. कोथिंबीर वडी आणि सुरळीची वडी, दोनच कर. एक गरम कुरकुरीत, दुसरी गार आणि मऊ. पुढे पंगत आहेच, तेव्हा माणशी तीन-तीन पुरतात, म्हणजे प्रत्येकी ९०-१०० धर. वडी मात्र एका घासाची हवी. सुरळी अर्धी चावली की उलगडते आणि आतलं खोबरं साडीवर.

कोथिंबीर वडीची सगळी गोम पाण्यात आहे. जुड्या आदल्या दिवशी निवडून धू, फडक्यावर पसरून पंख्याखाली दोन तास सुकव, मगच चिर. ओली चिरलीस तर पीठ सैल होतं, मग आपण बेसन वाढवतो आणि वडी गिच्च होते. दाबून भरलेल्या दोन वाट्या कोथिंबिरीला एक वाटी बेसन, दोन मोठे चमचे तांदळाची पिठी, चमचाभर तीळ, हळद, धने-जिरे पूड, आलं-लसूण-मिरचीचा ठेचा आणि दोन चमचे कडकडीत तेलाचं मोहन. मीठ आधी कोथिंबिरीला लावून दहा मिनिटं ठेव. तिला सुटलेल्या पाण्यातच बरंचसं पीठ भिजतं, वरचं पाणी चमच्याचमच्यानेच घाल. सोडा नको, वडी तेल पिते. एवढ्यात साधारण २५ वड्या होतात, म्हणून चौपट घे.

दोन बोटं जाडीचे उंडे वळून, तेल लावलेल्या चाळणीत १५-२० मिनिटं वाफव. सुरी स्वच्छ निघाली की शिजले. गरम असताना कापायचा मोह होतो, पण तेव्हा कडा ढासळतात. पूर्ण गार करून डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेव आणि दुसऱ्या दिवशी सेंटीमीटरभर जाडीच्या चकत्या काप. दुपारी मध्यम आचेवर फिकट तळून ठेव, पाहुणे आले की पुन्हा एकदा खमंग तळ. तळलेल्यांवर झाकण मात्र घालू नकोस, वाफेने मऊ पडतात.

आता सुरळी, जिची तुला धास्ती आहे. प्रमाण एकदा पक्कं ध्यानात ठेव: बेसन एक वाटी, आंबट दही एक वाटी, पाणी दोन वाट्या. आलं-मिरची वाटून फक्त रस घाल, कारण चोथा राहिला की पसरताना तिथेच फाटतं. मीठ, हळद, हिंग घालून सगळं मिश्रण गाळून घे. जाड बुडाच्या कढईत, मंद आचेवर, हात न थांबवता घोट. आठ-दहा मिनिटांत ते दाटून चकाकायला लागतं, उलथन्यावरून जाड पडतं. तेव्हा चमचाभर ताटाच्या पाठीवर फासून अर्धा मिनिट थांब. कड नखाने उचल. चिकटली, तर अजून कच्चं आहे, मिनिटभर आणखी घोट. अखंड सुटून वळली, तर त्याच क्षणी गॅस बंद.

इथून पुढे घाई. तीन-चार ताटं आधीच उलटी मांडून ठेव. तेल लावू नकोस, मिश्रण घसरतं आणि पातळ बसत नाही. वाटीच्या बुडाने सरसर पसर, जितकं पातळ तितकी वडी मऊ. एका घाण्यात ३५-४० वड्या होतात, म्हणून तीन घाणे लागतील. पण तिन्ही एकत्र शिजवू नकोस, पसरेपर्यंत कढईतच थिजतं. पाच मिनिटांनी दीड इंची पट्ट्या काप, ओलं खोबरं-कोथिंबीर भुरभुरून फार घट्ट न करता वळ.

एखादा घाणा जास्त शिजून गोळा झालाच, तर टाकून देऊ नकोस. तेलाच्या ताटात थाप, वर खोबरं पेर आणि शंकरपाळ्याच्या आकारात काप: पाटवडी झाली. लोक आवडीने खातात.

सुरळ्या त्याच दिवशी, वाढण्याआधी दोन-तीन तास कर. फ्रीजमध्ये त्या कडक होतात आणि उकाड्यात ओलं खोबरं लवकर आंबतं. मोहरी-हिंगाची फोडणी थोडी निववून, वाढतानाच वर घाल.

बेसन ताजं आण, खवट असेल तर सुरळीत लगेच कळतं. आणि एक घाणा आधी रविवारी करून बघ. ताटावर फासलेली कड नखाखाली कशी सुटते, ते हाताला एकदा कळायला हवं.

तुझीच,
नीला