स्फटिकं धुवायला शिकवलंत, त्याबद्दल

आदरणीय सर,
सा. न. वि. वि.

क्रीमसाठी लागणाऱ्या ऑलेइक अ‍ॅसिड थंडीत स्फटिक करून इतर फॅटी अ‍ॅसिडांपासून वेगळं काढण्यावरचं तुमचं दोन पानी टिपण मिळालं. आभार जाहीर मानतोय, कारण याच जागी अडलेले आणखी पुष्कळ असतील.

शुद्धता कमी पडली की 'अजून थंड करा' असं सगळेच सांगतात. तुम्ही पहिल्याच ओळीत लिहिलंत: अशुद्धी स्फटिकात थोडी, स्फटिकांना चिकटलेल्या द्रवात जास्त. पुढचं सगळं त्यातूनच येतं. १ किलो फॅटी अ‍ॅसिडला १० लिटर कोरडा अ‍ॅसिटोन. आधी उणे २० अंशांवर पामिटिक आणि स्टिअरिक गाळून काढायचं, मग गाळलेला द्रव सावकाश उणे ६० पर्यंत न्यायचा. ऑलेइकचे स्फटिक बसतात, लिनोलेइक बहुतांशी द्रवातच राहतं. घाई केली की बारीक सुया होतात, त्यांच्या जाळीत द्रव अडकतो आणि गाळणीवरचा स्फटिकांचा थर, म्हणजे केक, नीट निथळत नाही. शिवाय भांड्याच्या भिंतीवर थर धरला की जॅकेटची (भांड्याभोवतीच्या गार कवचाची) थंडी आत पोचत नाही. म्हणून जॅकेट आणि द्रावणात ५-७ अंशांहून जास्त फरक ठेवायचा नाही.

धुण्याचा अ‍ॅसिटोन उणे ६० चाच हवा, आणि गाळणीही तेवढीच गार. कोमट गाळणीवर स्फटिक विरघळतात आणि माल लिनोलेइकबरोबर खाली जातो. गाळणी झाकून नायट्रोजनच्या दाबाने गाळायचं, नाहीतर हवेतल्या बाष्पाचा बर्फ कापडाची छिद्रं बुजवतो. अ‍ॅसिटोनचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानापासून त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते) उणे २० च्या आसपास, तेव्हा अर्थिंग आणि फ्लेमप्रूफ मोटरबाबत तुम्ही कडक राहिलात ते योग्यच.

खरे आभार मात्र मेथॅनॉलवरच्या तळटिपेचे. अ‍ॅसिटोनऐवजी ९० टक्के मेथॅनॉल ही जुनी, चांगली वाट. पण साबण फोडून फॅटी अ‍ॅसिड मोकळं करायला वापरलेलं सल्फ्युरिक अ‍ॅसिड पुरतं धुतलं गेलं नसेल, तर मेथॅनॉल आणि फॅटी अ‍ॅसिड जुळून हळूहळू मिथाइल एस्टर होत राहतो. आणि नेहमीच्या जीसी (गॅस क्रोमॅटोग्राफी) चाचणीत तो पकडलाच जात नाही, कारण नमुन्याचा मिथाइल एस्टर आपण स्वतःच करून मग तो यंत्रात घालतो! पकडते ती मोकळं आम्ल मोजणारी साधी अ‍ॅसिड व्हॅल्यू. शुद्ध ऑलेइकची सुमारे १९८.६, ५ टक्के एस्टर असला तर ती १८९ च्या आसपास येते. अर्थात सॉल्व्हंट व्हॅक्यूमखाली पूर्ण काढल्यावरच मोजायची, उरलेला सॉल्व्हंटही आकडा खाली ओढतो.

नुसत्या आयोडीन व्हॅल्यूवर (दुहेरी बंध मोजणाऱ्या आकड्यावर) विसंबू नका, हेही पटलं. स्टिअरिक ती खाली ओढतं, लिनोलेइक वर. दोन्ही उरली तरी आकडा शुद्ध ऑलेइकसारखाच ९० दाखवू शकतो.

पामिटिक आणि स्टिअरिक एकमेकांपासून या रीतीने नीट सुटत नाहीत, त्याला व्हॅक्यूमखाली फ्रॅक्शनल डिस्टिलेशनच लागतं, हे वेळेवर सांगितलंत. पहिल्या गाळणीचा केक त्यासाठी वेगळ्या ड्रममध्ये ठेवला आहे.

आपले नम्र,
शुद्धीकरण विभागातील सहकारी