पत्रास कारण की

डनीडन, न्यूझीलंड, ८ मार्च

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर बाबा दोनदा "बरं, बरं" म्हणतात आणि तुझ्या हातात देतात, आणि तुझं "जेवलीस का?" च्या पुढे सरकत नाही. म्हणून पत्र. मी ठणठणीत आहे. खोकला गेला. थंडी यायला अवकाश आहे आणि आजीची वाकळ आहेच.

आधी आत्याची शंका, की मी ज्या अभ्यासावर काम करते त्यात पोरांवर प्रयोग करतात का. आम्ही पोरांवर प्रयोग करत नाही! १ एप्रिल १९७२ पासूनच्या एका वर्षात इथल्या एका इस्पितळात जन्मलेली १०३७ बाळं, तिसऱ्या वर्षापासून विद्यापीठाची माणसं त्यांना ठरावीक वर्षांनी बोलावून तपासतात, विचारपूस करतात, एवढंच. तीन वर्षांच्या पोराबरोबर दीड तास बसायचं, किती चुळबुळतंय, कशानं बिथरतंय ते लिहून ठेवायचं. असल्याच नोंदींवरून पुढे दिसलं की लहानपणी ज्याचा स्वतःवर ताबा कमी, त्याची बत्तिसाव्या वर्षी तब्येतीची आणि पैशाची ओढाताण जास्त. सरासरीनं हं, नाहीतर आत्या बंट्याला धोपटेल.

बाबा, हे सुरू करणारे फिल सिल्वा मुळात शिक्षक, तुमच्यासारखेच. त्यांच्यानंतरचे रिची पोल्टन १९८५ मध्ये मुलाखती घ्यायला म्हणून आले आणि २००० मध्ये प्रमुख झाले. २०२३ मध्ये गेले, मी यायच्या आधीच. त्यांना इथे कुणी सर म्हणत नाही, नुसतं रिची. त्या हजारातलं एकही नाव मला ठाऊक नाही. माझ्यापुढे फक्त आकडे. तेव्हा "कुणाचं काय निघालं" हे विचारू नका.

एक गंमत. ग्रुपमधल्या बाईंनी 'टी'ला घरी बोलावलं, सहा वाजता. चहालाच जायचंय म्हणून मी वरणभात खाऊन गेले. तर समोर अख्खं जेवण! सकाळी साडेदहाचा 'मॉर्निंग टी' म्हणजे चहाच, सगळं डिपार्टमेंट उठतं. दुपारचाही चहाच. पण संध्याकाळचा नुसता 'टी' म्हणजे रात्रीचं जेवण. आणि "जग लावते" म्हणाल्या तर तो पाण्याचा जग नव्हे, पाणी उकळायची विजेची किटली. मग जेवणानंतर खरा चहा आला. दोन जेवणं झाली माझी, आता विचार जेवलीस का!

त्यांनीच सांगितलं, पंचेचाळिसाव्या वर्षीच्या तपासणीला हयात ९९७ पैकी ९३८ जण आले. लंडनला असोत, ऑस्ट्रेलियात असोत, विद्यापीठाची माणसं विमानाचं तिकीट काढून त्यांना गावी आणतात. ऐकताना घास फिरला जरा.

दादाच्या लग्नाला मला जमत नाहीये. प्रबंधाचं प्रकरण मेमध्येच द्यायचंय. तिकिटाला साठवलेले चाळीस हजार पाठवलेत, कार्यालयाला द्या. बँकेचा हप्ता मी भरतेय, बाबांनी पीएफला हात लावू नये. चिडू नका. मला काही वाटत नाहीये, खरंच.

कराडच्या स्थळाचा फोटो पाहिला. बरा आहे. पुढच्या वर्षी बघू.

करवली म्हणून चिंगीला उभी करा. माझी हिरवी साडी तिला द्या, ब्लाउज दोन बोटं आत घ्यावा लागेल. दार अडवताना दादाकडून पाच हजारांच्या खाली घेऊ नकोस म्हणावं. त्यातले अर्धे माझे.

तुमची,
सोनू